पोत्यातून निघालेले पांढरे ठिपके आणि सापाच्या पेटीतलं बेडिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. दीड वर्षाचा कॉर्न स्नेक, काचेची पेटी, तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे. नवं पोतं फोडून थर बदलला आणि पाचव्या दिवशी पाण्याच्या भांड्याच्या कडेला आणि काचेच्या खालच्या भागावर टाचणीच्या टोकाहून बारीक, चालणारे फिकट ठिपके दिसले. तुम्ही साप काढून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलात. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे सापाचं रक्त पिणारे माइट (गोचिडीच्या कुळातले अगदी बारीक जीव) आहेत का, कीड लागणार नाही असं बेडिंग, म्हणजे पेटीच्या तळाचा थर, कुठलं, आणि ओळखीच्या एकांनी सांगितलं तसं कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवून वर मुंग्यांची पावडर भुरभुरली तर चालेल का.

शेवटचं आधी सांगते, कारण तिथे चूक झाली तर साप हातचा जाईल. डांबरगोळ्या नको, पावडर नको, फिनेलने पेटी पुसणंही नको. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर निघून जात नाही, तळाशी साचते, आणि साप तर तळाशीच राहतो. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, खोकून छाती मोकळी करणं त्याला जमत नाही, आणि बऱ्याच जातींत डावं फुफ्फुस नावापुरतंच असतं. म्हणजे वाईट हवा एकदा आत गेली की ती बाहेर काढायचं साधन त्याच्याकडे फार थोडं आहे. मुंग्यांच्या पावडरीतलं औषध किड्याच्या मज्जातंतूंवर घाला घालतं, आणि सापाच्या मज्जातंतूंनाही ते सोडत नाही. साप पोटावर सरपटतो, पावडर खवल्यांच्या फटीत बसते, पिण्याच्या पाण्यात उतरते. तोल जाणं, अंग थरथरणं, मान उलटी वळणं ही त्याची लक्षणं. काही टाकून झालं असेल तर आत्ताच साप बाहेर काढा, कोमट साध्या पाण्याने त्याचं अंग धुवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला फोन करा. पुढचं नंतर वाचा.

आता ठिपक्यांकडे वळू. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की हे सापाचे माइट नसावेत. पण अंदाजावर थांबू नका, खात्री करायला अर्धा तास पुरतो.

सापाचा माइट, शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस, पूर्ण वाढला आणि रक्त प्यालेला असेल तर काळा किंवा काळसर लाल, गोलसर, मिरपुडीच्या कणासारखा दिसतो. मादी साधारण १ मिलिमीटरच्या आसपास. बोटाखाली चिरडला तर रक्ताचा डाग पडतो. दमट भुशात किंवा सोडणात आपोआप वाढणारे माइट मात्र पांढुरके, जवळजवळ पारदर्शक, त्याहून लहान आणि सुस्त. ते बुरशी आणि कुजणारा कचरा खातात, सापाला चावत नाहीत. तिसरा प्रकार स्प्रिंगटेल: लांबट, पांढरट किंवा राखाडी, फुंकर मारली की टुणकन उडी मारतात. तेही निरुपद्रवी. चौथा, पुस्तकांच्या कपाटात दिसणारी बारीक पुस्तकउवा, तीही ओलीची आणि बुरशीची सोबतीण.

इथे एक मेख आहे. सापाच्या माइटची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लंही फिकट असतात, रक्त प्यायल्यावरच काळवंडतात. म्हणून एकट्या रंगावर निकाल देऊ नका. ठिपके कुठे आहेत ते बघा. कचराखाऊ माइट ओल्या कोपऱ्यात, भांड्याखाली, विष्ठेच्या आसपास, बुरशीवर घोळक्याने असतात. सापाचे माइट सापावर असतात: डोळ्याच्या कडेच्या खोबणीत, हनुवटीखालच्या घडीत, ओठांच्या खवल्यांवरच्या खड्ड्यांत, शेपटीच्या सुरुवातीला मलद्वाराच्या फटीपाशी. एखादा खवला किंचित उचललेला दिसला तर त्याखाली बघा. त्यांची विष्ठा पांढरी असते, गडद रंगाच्या सापावर ती राखेचे बारीक कण पडल्यासारखी दिसते.

ओल्या पांढऱ्या किचन टॉवेलमधून साप हळूच दोन-तीनदा सरकू द्या, मग तो कागद उजेडात बघा. डब्यात आत्ता जे पाणी ठेवलंय ते फेकण्याआधी पांढऱ्या वाटीत ओता. सापाचे माइट पाण्यात बुडून मरतात आणि तळाशी काळे कण होऊन बसतात. जुन्या पेटीतलं मूठभर बेडिंग पांढऱ्या कागदावर पसरा, वरून दिवा लावा, दहा मिनिटांनी भिंगातून बघा. चालणारा जो कण दिसेल त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबा. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून फोटो काढला की पाय मोजता येतात: आठ पाय असतील तर माइट, सहा असतील तर स्प्रिंगटेल किंवा पुस्तकउवा. फक्त माइटच्या अगदी पहिल्या अवस्थेलाही सहाच पाय असतात, तेवढं लक्षात असू द्या.

मी एवढं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा बॉल पायथन सलग दोन दिवस पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसला होता. कात टाकायची वेळ जवळ आली होती, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडं धुवायला घेतलं आणि पाणी पांढऱ्या बेसिनमध्ये ओतताना काळ्या कणांची एक रेघ उमटली. बोटाने उचलून बघितलं तर त्यातल्या दोघांचे पाय हलत होते. मी पेटी रिकामी केली, नवं बेडिंग भरलं. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. बेडिंगची कंपनी बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत पेटीतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन भिंगाखाली धरली, तेव्हा ओळखीच्या एका पाळणाऱ्याकडून आलेल्या कॉर्कच्या सालीच्या एका भेगेत त्यांची वस्ती सापडली. मी दर वेळी भुसा फेकत होते आणि ती साल स्वच्छ धुऊन परत आत ठेवत होते.

सापाचा माइट पोत्यातून क्वचितच येतो. तो दुसऱ्या सापावरून, जुन्या सामानातून, आपल्या हाताला-कपड्यांना चिकटून येतो. रानातून धरलेला साप तर बहुतेक वेळा अंगावर गोचीड आणि माइट घेऊनच येतो. पण आला की तो राहतो मात्र बेडिंगमध्ये. रक्त पिऊन झाल्यावर मादी सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. आयुष्यभरात ६० ते ८०, किंवा त्याहूनही जास्त. उबेत ती एक ते चार दिवसांत फुटतात, आणि अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचं सगळं चक्र साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरं होतं. रक्त न मिळताही पिल्लं काही आठवडे तग धरतात. म्हणून ‘कीड न लागणारं बेडिंग’ शोधत बसण्यापेक्षा मी वेगळा प्रश्न विचारते: या थरात काही शिरलं तर मला ते दिसेल का, आणि दिसल्यावर हा थर जीव न तोडता फेकून देता येईल का?

या कसोटीवर साधा कागद सगळ्यांत वर. किचन टॉवेल, कोरा वेष्टनाचा कागद किंवा वर्तमानपत्र. नवा साप, आजारी साप, किडीची शंका, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, या सगळ्यांत मी दुसरं काही वापरतच नाही. पांढऱ्या कागदावर काळा माइट लपत नाही, पातळ विष्ठा दिसते, लघवीतले पांढरे युरेटचे खडे पिवळे पडले तर कळतं. पण कागदावर सापाला बिळात शिरता येत नाही, पोटाला पकड मिळत नाही, ओल टिकत नाही. कॉर्न स्नेकसारखा साप मोकळा असला की दिवसभर थराखाली असतो, त्याला कायम कागदावर ठेवणं मला पटत नाही. महिना-दोन महिने ठीक. तेवढ्या काळात लपायला दोन-तीन बंदिस्त जागा द्या आणि कागदाचे चोळामोळा करून बोळे टाका, तो त्यांच्याखाली जातो.

तुमच्या कॉर्न स्नेकसाठी कायमचं म्हणून माझी निवड ॲस्पेनची आहे, म्हणजे ॲस्पेन लाकडाचे रंध्याखाली निघतात तसे पातळ, कुरळे छिलके. या लाकडात तीव्र वासाची तेलं जवळजवळ नसतात. छिलके एकमेकांत अडकतात, त्यामुळे सापाने केलेलं बीळ ढासळत नाही. थर ५ ते ८ सेंटीमीटर ठेवा. तीन बोटं खोल गेली पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे ते कोरडं राहतं. पांढुरक्या माइटना जगायला हवेत साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर ओल लागते. कोरड्या ॲस्पेनमध्ये त्यांना खायला बुरशीच मिळत नाही. हेच ॲस्पेन सादळलं तर मात्र दोन-तीन दिवसांत खालून काळं-हिरवं पडतं. किंग स्नेक, मिल्क स्नेक, हॉगनोज यांनाही ॲस्पेन उत्तम. रेनबो बोआसारख्या दमट हवेतल्या सापाला अजिबात नको. पुडीवर धूळ काढलेली असल्याचा उल्लेख बघा, आणि पुडी झटकून बघा. तळाला पिठासारखा थर साचत असेल तर ती घेऊ नका. सापाचं डोकं त्या थरापासून बोटभर उंचीवर असतं, दर काही सेकंदांनी त्याची जीभ त्याला लागते.

नारळाचं सोडण आणि कोकोपीट, म्हणजे सोडणाचा बारीक भुगा, वाईट नाही. बॉल पायथन, बोआ यांना ६० टक्क्यांच्या आसपास किंवा वर ओल लागते, तिथे मी सोडणाचे तुकडे आणि थोडं कोकोपीट मिसळूनच वापरते. सायप्रसच्या सालीचा भुगाही त्या कामाला चांगला. ओल धरतो आणि सहसा लवकर बुरशीत नाही. कॉर्न स्नेकला मात्र एवढी ओल लागत नाही, ४० ते ६० टक्क्यांत तो सुखाने राहतो. तुमच्या पेटीत पांढरे माइट झाले त्याचं मूळ मला इथेच दिसतंय. पोत्यातलं सोडण ओलसर होतं, ते न सुकवता भरलं गेलं, वर काचेची बंद पेटी. पोत्यातले थोडे माइट आणि त्यांची अंडी पाच दिवसांत डोळ्यांत भरण्याइतकी झाली. कोकोपीट घेताना आणखी एक बघा. बागकामासाठीच्या काही विटांमध्ये खत मिसळलेलं असतं, ती नको. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असलं तर मीठ राहतं, म्हणून पहिलं पाणी गाळून टाकायची सवय लावा.

आता काय टाळायचं ते. सीडर कुठल्याही रूपात नको. लाकडाचा जो छान वास येतो तोच त्याचा दोष. तांबड्या सीडरमधल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे ते लाकूड कापणाऱ्या कामगारांना दमा होतो, ही माणसांच्या बाबतीत नोंदलेली गोष्ट आहे. बंद पेटीत त्यावर झोपणाऱ्या सापाचं काय होईल ते सांगायला नको. ‘सीडरने कीड पळते’ हे खरं असलं तरी तेच कारण मी ते न वापरण्याचं धरते. पाइनबद्दल दुमत आहे. भट्टीत सुकवलेल्या पाइनमधली उडून जाणारी तेलं बरीच कमी होतात आणि काही अनुभवी लोक ते वापरतात. मी वापरत नाही, कारण पुडीतलं लाकूड किती सुकवलंय हे मला बाहेरून तपासता येत नाही. सुतारकामाचा फुकटचा भुसा कुणी देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा. त्यात कुठली लाकडं आहेत ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मिसळलेला असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, वाळवीरोधक औषधही असू शकतं. मांजराच्या शी-शूसाठी विकतात ती माती ओल लागली की गोळा होते, सापाच्या तोंडातही होते. मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा पोटात गेला तर अडकतो, शिवाय मक्यावर बुरशी लवकर धरते. रेपटाइल कार्पेट म्हणून विकली जाणारी चटई धुता येते हे खरं, पण तिच्या धाग्यांत घाण आणि अंडी दोन्ही अडकतात. वाळू फक्त वाळूत राहणाऱ्या जातींना.

विकत घेताना पुडी शिवणीपाशी उघडी नाही ना, आत दव धरलेलं नाही ना, हे बघा. सुटं, उघड्या पोत्यातून मापून दिलेलं बेडिंग घेऊ नका, विशेषतः ते पोतं जिवंत सापांच्या पेट्यांजवळ ठेवलेलं असेल तर. सापाचा माइट चालत चालत शेजारच्या पेटीत जातो, उघड्या पोत्यात जायला त्याला काहीच लागत नाही. पोत्यातून माइट क्वचितच येतो असं मी म्हटलं, त्यातला ‘क्वचित’ हा असा घडतो.

घरी आणल्यावर लगेच भरू नका. मी आधी बाटलीची परीक्षा घेते. पारदर्शक बरणीत दोन मुठी बेडिंग, त्यावर चमचाभर पाणी, तोंडाला घट्ट विणीचं कापड आणि रबर, आणि बरणी उबदार जागी आठ-दहा दिवस. त्यात अंडी असतील तर एवढ्यात फुटतात. रोज रात्री टॉर्च लावून काचेच्या आतल्या बाजूला बघायचं. काही चाललं नाही, बुरशीचा ढीग झाला नाही, तर पोतं चांगलं. दिसायला हा वेळखाऊ प्रकार आहे, पण एक पोतं महिनोन्‌महिने पुरतं, त्यामुळे नवं आणून ठेवायचं आणि जुनं संपेपर्यंत परीक्षा उरकायची.

ज्यांना थांबायचं नाही किंवा शंका आहे त्यांनी थंडी किंवा उष्णता वापरावी. ॲस्पेनसारखं कोरडं बेडिंग फ्रीझरमध्ये घालायचं, उणे १८ अंशांवर. अख्खं पोतं कोंबलं तर त्याच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायलाच दीड-दोन दिवस जातात, म्हणून छोट्या, चपट्या पिशव्या करा आणि निदान तीन दिवस ठेवा. मी आठवडाभर ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी उघडली तर छिलक्यांवर दव धरतं आणि कोरडं बेडिंग आपणच ओलं करून ठेवतो. भुशातल्या माइटची अंडी थंडीला चिवट असतात. त्यामुळे दोन-तीन दिवस बाहेर ठेवून पुन्हा एकदा गोठवलं की उरलेली, नुकती फुटलेलीही जातात.

उष्णता जास्त खात्रीची आहे. सापाचा माइट ५० अंशांच्या वर काही क्षणांत मरतो. बेडिंगचा गाभा ६० अंशांवर तासभर राहिला तर अंड्यांचीही चिंता उरत नाही. कोकोपीटची वीट असेल तर काम सोपं: ६५० ग्रॅमच्या विटेवर साधारण चार लिटर उकळतं पाणी ओता, झाकून तासभर ठेवा. ती ८-९ लिटर होते. मग पिळा, गाळा, पसरून सुकवा. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून ओली आहे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच मोडला तर बरोबर. सोडणाच्या तुकड्यांनाही हेच करा. लाकडाचे छिलके ओव्हनमध्ये घालायचे तर ८०-९० अंशांच्या वर जाऊ नका, थर पातळ ठेवा, तापणाऱ्या तारेला काहीही लागू देऊ नका आणि तिथून हलू नका. मायक्रोवेव्हमध्ये कोरडे छिलके आतून धुमसतात, तो मार्ग नको. काळ्या पिशवीत भरून उन्हात ठेवण्याची पद्धत अर्धवट चालते. कडेचा भाग तापतो, मधला गार राहतो आणि माइट मध्ये सरकतात. करायचंच तर मध्ये तापमापक खुपसा आणि पिशवी दर तासाला उलटीपालटी करा.

भरल्यानंतरचं काम तुलनेने थोडं. डिजिटल आर्द्रतामापक पेटीच्या छताला न चिकटवता थराच्या वरच्या पातळीवर ठेवा, कारण साप तिथे राहतो. पाण्याचं भांडं जड आणि न लवंडणारं. विष्ठा दिसली की तिच्याभोवतीचं मूठभर बेडिंग काढायचं, फक्त वरचं नाही, तळापर्यंत. आठवड्यातून एकदा भांडं उचलून खालची जागा हाताने चाचपा. ओलसर लागली तर तेवढं बदला. पूर्ण थर ॲस्पेनचा असेल तर साधारण चार-सहा आठवड्यांनी. वासावर अवलंबून राहू नका, अमोनियाचा वास आपल्या नाकाला आला तेव्हा खाली राहणाऱ्याला तो कधीचाच येत असतो. कात टाकायच्या दिवसांत ओल वाढवायची असेल तर सगळी पेटी न भिजवता, झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात ओलं शेवाळ ठेवा. साप हवं तेव्हा आत जातो, बाकीचा थर कोरडा राहतो. सतत ओल्या थरावर राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले तांबूस होतात, मग फोड येतात. त्या अवस्थेत घरगुती उपाय करू नका.

खाद्य देताना उंदीर सपाट थाळीत किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा. एखाद-दुसरा छिलका पोटात गेला तर निरोगी सापाच्या विष्ठेतून निघून जातो. पाणी कमी पडलेल्या सापात तो अडकतो. उंदीर गोठवून वितळवलेला असावा, जिवंत उंदरांवर त्यांचे स्वतःचे माइट असतात आणि त्यातले काही माणसालाही चावतात.

काही जण मुद्दाम जिवंत थर तयार करतात: माती, पानं, साल, त्यात आयसोपॉड (कुजका पालापाचोळा खाणारे छोटे जीव) आणि स्प्रिंगटेल. अशा पेटीत ठिपके चालताना दिसणं हेच अपेक्षित असतं आणि पांढरे माइट मर्यादेत राहतात. बागकामात वापरतात ते शिकारी माइट, स्ट्रॅटिओलेलॅप्स, त्यात सोडता येतात. ते सापाला चावत नाहीत, इतर माइट खातात. मला हा प्रकार आवडतो, पण सापाच्या माइटचा खरा प्रादुर्भाव झाला तर तो थर वाचवता येत नाही, सगळा टाकावा लागतो. पहिली पेटी अशी करू नका.

तपासणीत काळे माइट निघालेच तर सापाला आधी पशुवैद्याकडे न्या. फार माइट झाले तर लहान साप रक्त कमी होऊन मरतो, आणि हे माइट जिवाणूंचा संसर्ग एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात. औषध कुठलं, किती, हे डॉक्टरच ठरवतील. इतर पाळणाऱ्यांच्या सांगण्यावरून आयव्हरमेक्टिन देऊ नका. घरात कासव असेल तर ते औषध त्याच्या जवळपासही येता कामा नये, कासवांना ते जीवघेणं ठरतं. घरी करायचं ते एवढं: सगळं बेडिंग पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. लाकडी सामान फेका किंवा तापवा. पेटीचे काचेचे सांधे, सरकत्या दारांच्या खाचा, स्क्रूची भोकं यांत उकळत्या पाण्याची वाफ किंवा कान साफ करायची काडी फिरवा. मग कागद, आणि रोज नवा कागद. शेवटचा माइट दिसल्यापासून निदान सहा आठवडे कागदच, कारण चक्र दोन-तीन आठवड्यांचं आहे आणि एक मादी निसटली तर सगळं पहिल्यापासून. सापाला हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात अर्धा तास बसवलं तर अंगावरचे बरेच बुडतात, डोक्यावरचे मात्र राहतात. दुसरे साप असतील तर त्यांचं आधी उरका, या पेटीला शेवटी हात लावा आणि लगेच कपडे बदला.

तुमच्या बाबतीत मी आज काय केलं असतं? साप आहे त्या डब्यात कागदावर ठेवला असता, हवेची भोकं आणि तळाच्या एका टोकाला ऊब आहे याची खात्री करून. आधी सांगितलेल्या किचन टॉवेलच्या आणि पाण्याच्या दोन्ही तपासण्या आज आणि पुन्हा चौथ्या दिवशी. पेटी रिकामी करून गरम पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, दोन दिवस उघडी ठेवायची. सोडणाचं उरलेलं पोतं फेकायची गरज नाही. उकळत्या पाण्यातून काढून सुकवलं तर झाडांच्या कुंड्यांना उपयोगी पडेल. ॲस्पेनची पुडी आणून बाटलीची परीक्षा सुरू करा. परीक्षा संपेपर्यंत साप कागदावर राहील, त्याला त्याने काही होत नाही. त्या दिवसांत रोज सकाळी पाणी बदलताना जुनं पाणी पांढऱ्या वाटीत ओता आणि मिनिटभर तसंच राहू द्या. दहा दिवस वाटीचा तळ स्वच्छ निघाला, आणि बरणीच्या काचेवर काही चाललं नाही, तर अकराव्या दिवशी पेटी भरा. पांढऱ्या वाटीत एकही काळा कण दिसला तर मात्र भरू नका. तो चिकटपट्टीवर घेऊन त्याचा फोटो मला दाखवा, पाय मोजून सांगते.